गुहेच्या सेटिंगवर सासूबाई

मालनबाई आहेर आपल्या नवऱ्याला नावानं हाक मारतात, आणि तीही अरे-तुरे करून, ही गोष्ट देवळा गावापासून नाशिकच्या गंगापूर रोडपर्यंत कुणालाही ठाऊक नव्हती. नवऱ्याला तर नव्हतीच नव्हती.

नवऱ्याचं नाव पुंजा. पण त्यांना पुंजा म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. घरात ते आबा, भाऊबंदांत थोरले आबा आणि फ्लॅटच्या दारावर पी. आर. आहेर. देवळ्याला त्यांची पिठाची गिरण होती. डिझेलच्या इंजिनाशेजारी उभं राहून त्यांनी अर्ध्या तालुक्याची बाजरी दळली, आणि इंजिन एकदाचं थकून बंद पडलं तोवर त्यांच्या कानांनीही दुकान आवरतं घेतलं होतं. कानाशी येऊन कुणी ओरडलं तरच काय ते ऐकू येई. मग मुलगा सुनील दोघांना नाशिकला घेऊन आला. सुनीलचं कॉलेजजवळ दुकान होतं, तिथं पोरं तासावर पैसे देऊन कॉम्प्युटरवर एकमेकांना गोळ्या घालत. असल्या धंद्यावर घर चालतं यावर मालनबाईंचा विश्वास नव्हता, पण चालत होतं खरं.

आता हे नावाचं प्रकरण. मालनबाईंच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूपुढं नवऱ्याशी सरळ बोलायचीही सोय नव्हती. दारातल्या म्हशीला सांगायचं, भाकरी झाल्यात म्हणून. आणि म्हैस रवंथ करत बसे, नवरा येऊन जेवे. पुढं ते 'सुनीलचे बाप' झाले, तेवढीच काय ती प्रगती. मग कान गेले. एकदा तुपाच्या बरणीचं झाकण सापडेना, मालनबाई वैतागल्या आणि तोंडातून निघून गेलं, "पुंजा, मेल्या, झाकण कुठं घातलंस?" त्या जागच्या जागी थिजल्या. आबा त्यांच्याकडं पाठ करून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. आभाळ कोसळलं नाही, कुंकू पुसलं गेलं नाही, झाकणसुद्धा ओट्याखालीच निघालं.

त्या दिवसापासून त्यांना चटकच लागली. सुनील दुकानात, सून सरिता शाळेत शिकवायला, नात हर्षाली इंजिनिअरिंगच्या कॉलेजात. एकदा दार लागलं की मालनबाईंचं सुरू. पुंजा, आज वांगी कडू निघाली बघ. पुंजा, गुडघा लय दुखतो रे. पुंजा, तू तरणा व्हतास तवा बरा दिसायचास, आता वाळल्या खारकेची कळा आलीय. शिव्याही असत, पण निम्म्या निम्म्या. सगळा जन्म ज्याच्याशी बोलायचं राहिलं होतं त्याच्याशी त्या पोटभर बोलत होत्या आणि तो ऐकत नव्हता, यासारखं सुख नाही. म्हातारपणी इतकं चांगलं चाललेलं एखाद्याला बघवत नाही म्हणतात; इथं ते घरच्यांनाच बघवलं नाही.

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होतं. ते म्हातारे लोक घालतात, असं आबांचं मत. तेव्हा एक दिवस हर्षाली आपला हेडफोन घेऊन आली. ती बापाच्या दुकानात त्या मारामारीच्या खेळात पोरांना पाणी पाजायची, आणि हा हेडफोन खास त्या खेळाचा. दोन वाट्यांएवढ्या गाद्या, बाजूला लाल दिवा, गालापाशी माइक. शत्रूच्या बुटांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, हेसुद्धा म्हणे त्यात कळे. आबांनी तो आरशासमोर घालून पाहिला. विमान चालवणारे असलंच घालतात, असं म्हणून त्यांनी तो ठेवूनच घेतला.

हर्षालीनं तो घरच्या कॉम्प्युटरला जोडला, म्हणजे माइकपाशी बोललेलं मोठं होऊन आबांच्या कानात. पहिला प्रयोग फसला. माइक तोंडापाशी, आणि आबा पापड खात होते. घर पडतंय असं ओरडत ते वायरीसकट जिन्याकडं निघाले, मागून कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून सरकत आला. हर्षालीनं मग तो माइक बंद केला आणि दुसरा एक लहान माइक लांब वायर लावून फ्रिजच्या दांडीला, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, टांगला. "म्हणजे आजी, तुझं बोलणं त्यांना सगळ्यात आधी ऐकू येईल," ती म्हणाली. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं.

त्यानंतर मालनबाई गप्प. भाजी चिरताना गप्प, दूध उतू गेलं तरी गप्प. न बोललेलं सगळं पोटात साठून त्यांना अपचन झालं. सरितानं ओव्याचा अर्क दिला, पण ओव्यानं असली दुखणी जात नाहीत.

शेवटी त्यांनी हर्षालीला गाठलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं की या डब्यात आवाज असतात तरी कुठं. नातीला कौतुक वाटलं. तिनं पडद्यावर उभ्या दांड्यांची रांग दाखवली. डावीकडच्या दांड्या जाड आवाजाच्या, इंजिनबिंजिन. उजवीकडच्या बारीक आवाजाच्या, बांगड्या, चमचे, बायकांची बोलणी. माउसनं धरायचं आणि वर-खाली सरकवायचं. खाली पुन्हा एक यादी होती, इंग्रजीतली. हर्षालीनं ती मराठीत सांगितली: न्हाणीघर, नाट्यगृह, पाण्याखाली, गुहा. निवडू त्या जागेत बसून ऐकल्यासारखं ऐकू येतं. खेळात मजा येते म्हणून असतं ते. घरात बसून न्हाणीघरात बसल्यासारखं कशाला ऐकायचं, हे मालनबाईंना कळलं नाही, पण त्यांना त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. त्यांना उजवीकडच्या दांड्या कळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं आणि आबा आंघोळीआधीची डुलकी काढायला लागले, तशा मालनबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. माउसला त्यांनी आधी नमस्कार केला. मग उजवीकडच्या सगळ्या दांड्या एकेक करून खाली, अगदी तळाला नेल्या. बायकांची बोलणी संपली. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला.

आबा उठले आणि त्यांना सगळंच भरड लागायला लागलं. हा शब्द त्यांचाच. गिरणीवाल्याला दुसरं काय सुचणार. जात्याचा दगड सैल झाला की पीठ भरड पडतं, घट्ट केला की बारीक. हे यंत्रही तसंच असणार असं धरून त्यांनी माउस हातात घेतला आणि दिसेल ते दाबत सुटले. नेमके त्या खालच्या यादीत शिरले. पाण्याखाली गेले, घाबरून बाहेर आले. मग गुहेत जाऊन थांबले.

स्वयंपाकघरात मालनबाई निर्धास्त मटार सोलत बसल्या होत्या. किती दिवसांनी तोंड मोकळं झालेलं. "पुंजा," त्या म्हणाल्या, "खांबावाणी बसून ऱ्हाऊ नको. उठ, आंघोळ कर, मेल्या."

बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग न्हाणीघराचं दार लागलं. आबांनी आंघोळ केली, धोतर नेसले आणि ओल्या अंगानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळे भरलेले.

"आगं," ते म्हणाले, "आई आली व्हती."

मालनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. काय झालं ते त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. बारीकपणा काढून टाकलेला त्यांचा आवाज, वर गुहेचा घुमारा; तो थेट लंकाबाईंचा झाला होता. लंकाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, जाऊन पुष्कळ वर्षं झालेल्या. आवाज असा घोगरा आणि दणकट, की बांधावरून हाक मारली तर चौथ्या शेतातला बैल मान वर करी. भाकरीचा काठ करपला तर तेवढा काठ तोडून त्या सुनेच्या ताटात टाकत. आणि पोराला मरेपर्यंत पुंजा म्हणत. हे यंत्रातून पुंजा म्हणणारं माणूस कोण, असा प्रश्न आबांना पडलाच नाही. बायको नाव घेईल ही शंका त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा मेलेली आई फ्रिजजवळून बोलली, हे जास्त पटण्यासारखं होतं.

आणि मालनबाई तरी काय सांगणार? आई नव्हती, मी होते, मी तुम्हाला मेल्या म्हणाले? त्या मटार सोलत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत हेडफोनला हळदकुंकू लागलं. रात्री सुनील आणि सरिता आत कुजबुजत होते, डोक्याचा फोटो काढावा का म्हणून. हर्षालीचं म्हणणं पडलं की कुठल्या तरी रेडिओचे शब्द वायरीत शिरले असतील. आबा म्हणाले, रेडिओ आंघोळ कर म्हणत नाही. हेडफोन परत मागायची तिची हिंमत झाली नाही, कारण आजोबा तो काढून ठेवताना आता कपाळाला लावत होते.

बातमी जिन्यानं वर-खाली गेली. समोरच्या फुलाबाई आल्या, त्यांना यजमानांशी बोलायचं होतं. त्या विचार करून आल्या होत्या: यजमान न्हाणीघरात पाय घसरून गेले, तेव्हा गुहेत ते कशाला असतील, न्हाणीघर लावा. आबांनी लावलं. फुलाबाई बराच वेळ ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, नळ गळतोय, म्हणजे तेच आहेत, नळ कधी नीट बंद करायचे नाहीत. समाधानानं डोळे पुसत गेल्या. खालच्या मजल्यावरच्या सहादू तात्यांचा बैल फार पूर्वी चांदवडला विहिरीत पडून मेला होता. त्यांनी हात जोडून पाण्याखालची सेटिंग मागितली. आबांनी नाही म्हटलं नाही. दळण आलं की दळून द्यायचं, माणूस बघायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

मालनबाईंना आधी भीती वाटली, मग हसू आलं, आणि मग, खोटं कशाला बोला, मोह झाला. एका दुपारी त्या फ्रिजजवळ गेल्या आणि म्हणाल्या, पुंजा, आपलं ताट आपण उचलावं. आबांनी ताट उचललं, घासलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुंजाला सांगण्यात आलं की सून दमली आहे, तिला जरा बस म्हण. आबा आत आले आणि म्हणाले, "आई म्हणती तू दमलीस. बस." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः चहा केला. वाईट केला, पण केला.

मालनबाई बसल्या, चहा प्याल्या, आणि चहा संपता संपता त्यांचं डोकं तापलं. दमलेली बायको या माणसाला उभ्या जन्मात दिसली नाही. आईनं सांगितल्यावर दिसली. आणि आई! लंकाबाईंनी जिवंतपणी सुनेला एकदा बस म्हटलं असतं तर घराचे वासे मोडले असते. आता मेल्यावर म्हातारी चांगली व्हायला लागली, तीही सुनेच्या घशाच्या जिवावर. आबा येईल त्याला सांगत, आईचं मालनवर किती प्रेम. फुलाबाई तर म्हणाल्या, नशीब लागतं अशी सासू मिळायला. मालनबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून त्यांनी सासूबाईंना पुन्हा एकदा मारून टाकायचं ठरवलं. बोलणं बंद.

पण आबा हेडफोन घालून बसून राहिले. दांड्या वर करून बघत, खाली करून बघत, गुहेतून नाट्यगृहात जात, परत गुहेत येत. जेवायला उठायचे नाहीत, न जाणो तेवढ्यात आई यायची. चेहरा पार उतरला. आणि एक दिवस तेच म्हणाले की आखाजीला भाऊबंदांना बोलवायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्याकडं त्या दिवशी पितरांची घागर भरतात, पितर जेवायला येतात असं मानतात. त्या दिवशी तरी आई बोलल्याशिवाय राहायची नाही. तिला एकच गोष्ट विचारायची आहे.

ती गोष्ट त्यांनी मालनबाईंना सांगितली, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आई गेली त्या दिवशी ते गिरणीवर होते. दळणाची रांग होती, इंजिन चालू होतं. गिरण घरापासून हाकेच्या अंतरावर. आईनं शेवटी हाक मारली असणार, आणि ती इंजिनात गेली. तेव्हापासून त्यांना वाटत आलं होतं की कान गेले ते इंजिनानं नाहीत, त्या हाकेनं गेले. सांगून झाल्यावर ते परत खुर्चीत जाऊन बसले. मालनबाईंना रडू आलं. इतकी वर्षं एका चुलीवरच्या भाकरी खाल्ल्या, आणि हा माणूस हे पोटात घेऊन फिरत होता.

आखाजीला देवळ्याहून जीप भरून भाऊबंद आले. घागर भरली, आमरस झाला, पितरांचा घास बाजूला निघाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सुनीलनं बापाच्या हट्टापायी दुकानातले मोठे स्पीकर आणून जोडले होते. ते लावल्याबरोबर माइक आणि स्पीकर यांचं काहीतरी बिनसलं आणि कान फाडणारी शिट्टी वाजली. भाऊबंदांनी हात जोडले. एका काकूंच्या अंगात यायला लागलं होतं, तेवढ्यात हर्षालीनं स्पीकर गॅलरीकडं वळवला आणि शिट्टी थांबली, काकूही थांबल्या.

आबा मधोमध खुर्चीत बसले. डोक्याला टोपी, टोपीवर हेडफोन, त्याचा लाल दिवा चालू. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आई, तू गेलीस तवा मला हाक मारली व्हती का?"

स्पीकरमधून फ्रिजची घरघर तेवढी येत होती, गुहेतून आल्यासारखी.

मालनबाई फ्रिजशेजारी उभ्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं: नाय रे पुंजा. खरंही होतं ते; त्या दिवशी घरात लंकाबाईंच्या उशाशी त्याच एकट्या होत्या, त्यांना माहीत होतं. दोन शब्द लंकाबाईंच्या आवाजात, की आबा मोकळे, भाऊबंद खूश, आणि आपलं गुपित जागच्या जागी. त्यांनी माइकपाशी तोंड नेलं. मग मागं घेतलं. जे त्या दिवशी खरंच झालं होतं ते लंकाबाईंच्या तोंडी घालण्यासारखं नव्हतंच. ते सांगणारी दुसरी होती, आणि तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. भाऊबंदांना वाटलं, पाणी द्यायला आल्या. त्या सरळ आबांच्या खुर्चीपाशी गेल्या, हेडफोनची एक गादी उचलून कानावरून बाजूला केली आणि इतक्या वर्षांत कधी नेलं नव्हतं तसं तोंड नवऱ्याच्या कानाशी नेलं.

"पुंजा," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आई नाय बोलत त्यात. मी बोलते. रोज मीच बोलते."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. सुनील खाली बघायला लागला. देवळ्याच्या एका पाहुण्याच्या हातातली आमरसाची वाटी कलंडली आणि ती सरळ करायचं कुणाला सुचलं नाही.

मालनबाई थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता. "तुझ्या आईनं तुला हाक नाय मारली. मला मारली. पयल्यांदाच मालन म्हनली. पाणी मागितलं, म्या पाजलं, मग गेली. तुझं काय चुकलं नाय, पुंजा."

आबांनी हेडफोन डोक्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. वाकडी झालेली टोपीही काढली. त्यांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. सगळे भाऊबंद त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता हा माणूस ताट भिरकावतो की हात उगारतो की उठून देवळ्याची जीप धरतो, याचा ज्याचा त्याचा अंदाज चालला होता.

मग हाक मारल्यावर लहान पोर देतं तशी आबांनी बायकोच्या हाकेला ओ दिली.

"ओ," ते म्हणाले.